मुलीच्या नावासाठी आकाशातील तारा निवडताना

प्रश्न: नवी आई, राजारामपुरी

नमस्कार. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हांला मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिला केवळ पाळण्यात घातले. नणंदेला परगावाहून येता यावे म्हणून नाव ठेवण्याचा समारंभ जानेवारीच्या अखेरीस ठरवला आहे. विचार करण्यास अजून दोन आठवडे आहेत, परंतु घरात एकमत होत नाही.

माझ्या पतींना शाळेपासून आकाशदर्शनाची आवड आहे. जयंत नारळीकर १९३८ मध्ये ज्या कोल्हापुरात जन्मले, त्याच गावात जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव आकाशातून यावे, अशी त्यांची मनापासूनची इच्छा आहे. सासूबाईंचे म्हणणे वेगळे आहे. त्यांना यंदा ६५ वर्षे पूर्ण होत आहेत आणि ही त्यांची पहिलीच नात आहे. बाळाचा जन्म स्वाती नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाल्याने नाव 'रो' या अक्षरावरूनच ठेवावे, असे त्या म्हणतात. 'स्वाती' हे नाव आमच्या नात्यात दोघींचे आहे. पतींना आवडलेले 'निहारिका' अक्षरात बसत नाही. 'रो'वरून 'रोहिणी' सुचले आणि ते मला पाहताक्षणी आवडले, मात्र दोन शंका राहिल्या. स्वातीवर जन्मलेल्या मुलीला दुसऱ्याच नक्षत्राचे नाव देणे योग्य ठरेल का? आणि हे नाव तिच्या पिढीत जुने वाटेल का? शिवाय एका नातेवाइकाने पैसे भरून बाळाच्या नावाने एखादा तारा नोंदवण्याचे सुचवले आहे, त्याविषयीही जाणकारांनी सांगावे.

उत्तर: निवृत्त भूगोल शिक्षक, शाहूपुरी

ताई, आपणां सर्वांचे अभिनंदन. पहिल्या शंकेचे उत्तर अवकहडा चक्रातच आहे. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून होणाऱ्या १०८ चरणांना एकेक अक्षर नेमून दिलेले असते आणि त्यांपैकी रू, रे, रो, ता ही अक्षरे स्वातीची आहेत. हे चक्र नावाचे पहिले अक्षर पाहते, अर्थ पाहत नाही. रोहिणी नक्षत्राची स्वतःची अक्षरे ओ, वा, वी, वू अशी असल्याने 'रोहिणी' हे नाव चक्राप्रमाणे स्वातीच्याच तिसऱ्या चरणात येते. आपल्या सासूबाईंची अट त्यामुळे पूर्णपणे पाळली जाते.

आता जे मला अधिक मोलाचे वाटते ते सांगतो. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहेत आणि रोहिणी या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळापासूनचे) त्याचे अंतर, सुमारे १६.५ अंश उत्तर आहे. एखाद्या ताऱ्याची क्रांती आणि गावाचे अक्षांश जुळले की तो तारा त्या गावाच्या बरोबर माथ्यावरून जातो. येथे जो फरक उरतो तो पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी आहे. दिल्लीहून पाहणाऱ्यास हीच रोहिणी माथ्यापासून बारा अंश दक्षिणेकडे कललेली दिसते, आपल्याकडे मात्र ती थेट खस्वस्तिकावर, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूवर येते. कोल्हापूरच्या मुलीसाठी आकाशातून एकच ठळक तारा निवडायचा झाला, तर मी हाच निवडीन.

सध्या, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर, ती रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास डोक्यावर असते. मृगातील एका ओळीतले तीन तारे कोणालाही ओळखता येतात. त्यांची रेषा एका बाजूला वाढवल्यास व्याध मिळतो आणि दुसऱ्या बाजूला वाढवल्यास गाड्याच्या आकाराच्या तारकासमूहातील तांबूस रोहिणी मिळते. आपल्या मुलीच्या वाढदिवशी, नोव्हेंबरच्या अखेरीस, ती संध्याकाळी पूर्वेला उगवते आणि रात्रभर दिसत राहते. त्याच रात्रीच्या शेवटी, पहाटे चार-साडेचारच्या पुढे, पूर्वेलाच स्वातीचा नारिंगी तारा वर येतो. नावाचा तारा संध्याकाळी आणि जन्मनक्षत्राचा तारा पहाटे, असे दोन्ही तारे तिला दर वाढदिवशी पाहता येतील.

आपण सासूबाईंच्या वयाचा उल्लेख केला म्हणून आणखी एक सांगतो. रोहिणीचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे ६५ वर्षे लागतात. आज रात्री गच्चीवरून जो प्रकाश दिसेल, तो साधारण आजींच्या जन्माच्या सुमारास तिकडून निघालेला आहे. हे त्यांना अवश्य सांगा.

नाव जुने वाटेल, या शंकेशी मी सहमत नाही. भारताने स्वतःच्या प्रक्षेपक यानाने, म्हणजे एसएलव्ही-३ने, १८ जुलै १९८० रोजी जो पहिला उपग्रह कक्षेत सोडला, त्याचे नाव 'रोहिणी' होते आणि इस्रोच्या संशोधन अग्निबाणांची एक मालिका आजही याच नावाने ओळखली जाते. पैसे घेऊन ताऱ्याला नाव देणाऱ्यांच्या प्रमाणपत्रास खगोलशास्त्रात कोणतीही मान्यता नाही. ताऱ्यांची नावे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना निश्चित करते आणि ती विकत मिळत नाहीत. ती रक्कम एका चांगल्या द्विनेत्रीसाठी (बायनॉक्युलरसाठी) ठेवावी.

उत्तर: कृत्तिकेची आई, इचलकरंजी

आमची मुलगी त्रिपुरारी पौर्णिमेची. त्या रात्री खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या वर्तुळाकार उघड्या छतावर चंद्र येतो, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कारण मला मुलीचे नाव शोधताना समजले. कार्तिकातील पूर्ण चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, महिन्याचे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे, आणि आकाशाचा तो भाग आपल्या भागात मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येत असल्याने छतातील वर्तुळातून खाली उभ्या माणसाला चंद्र दिसतो. ते वाचल्यानंतर आम्ही दुसऱ्या कोणत्याही नावाचा विचार केला नाही.

नोंदणीविषयी मात्र सावध करते. आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर एका कार्यालयात 'कृतिका' असे लिहिले गेले आणि तो एक 'त' परत मिळवण्यासाठी आम्हांला अनेक खेपा घालाव्या लागल्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी नाव बारा महिन्यांच्या आत शुल्काविना समाविष्ट करता येते, त्यामुळे घाई करू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. अर्जावर नाव मराठीत आणि इंग्रजीत स्वतःच्या हाताने सुवाच्य लिहावे आणि दाखला हाती येताच तेथेच उभे राहून तपासावा. रोहिणीतील 'हि' ऱ्हस्व आणि 'णी' दीर्घ, एवढे नीट पाहिले की पुरे.

उत्तर: पन्हाळ्याचा प्रवासी, कावळा नाका

मला येथे थोडे वेगळे मत मांडावेसे वाटते. स्वातीचे चौथे अक्षर 'ता' आहे आणि पुष्कळ घरांत नक्षत्राच्या चारपैकी कोणतेही अक्षर चालते. तसे चालणार असेल तर 'तारा' या नावाचा विचार व्हावा. ताराराणी चौकातील अश्वारूढ पुतळ्यासमोरून मी रोज जातो. करवीरचे राज्य ज्यांनी उभे केले त्या महाराणी ताराबाईंचे नाव आणि आकाशातील प्रत्येक ताऱ्याचे नाव एकाच दोन अक्षरी शब्दात येते, ही गोष्ट या गावात जन्मलेल्या मुलीला फार लवकर समजेल. 'रे'वरून 'रेवती' हेही नाव गोड आहे, परंतु त्या नावाचा तारा इतका मंद आहे की शहराच्या उजेडात तो शोधूनही सापडत नाही. 'निहारिका'चेही तसेच आहे. निहारिका म्हणजे तेजोमेघ आणि बहुतेक तेजोमेघ दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत. मुलगी चार-पाच वर्षांची झाल्यावर "माझा तारा कोणता?" असे विचारणारच, तेव्हा बोट दाखवता आले पाहिजे.

उत्तर: निवृत्त भूगोल शिक्षक, शाहूपुरी

'तारा' हे नाव सुंदर आहे, त्याविषयी दुमत नाही. मी तरीही रोहिणीच्या बाजूने राहीन, कारण प्रश्नकर्त्या ताईंना ते पाहताक्षणी आवडले आहे आणि बोट दाखवण्याची कसोटी त्याला पुरेपूर लागू पडते. चंद्राच्या २७ पत्नींपैकी रोहिणी त्याची सर्वांत लाडकी, अशी पुराणकथा आहे. चंद्र दर महिन्याला तिच्याजवळून जातो आणि काही वर्षे अशी येतात की तो तिला काही काळ झाकूनही टाकतो. २०१५ ते २०१८ या काळात अशी पिधाने वारंवार झाली. मुलगी मोठी झाल्यावर तिला हे पाहायला मिळेल.

प्रश्नकर्ती: नवी आई, राजारामपुरी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तारा नोंदवण्याचा विचार आम्ही सोडला आहे. 'तारा' हे नाव सासूबाईंनाही आवडले, मात्र पत्रिकेत तिसरे चरण असताना चौथ्याचे अक्षर घेण्यास त्यांचे मन तयार झाले नाही.

काल रात्री नऊनंतर आम्ही त्यांना गच्चीवर नेले. सरांनी सांगितल्याप्रमाणे मृगाच्या तीन ताऱ्यांवरून पतींनी त्यांना रोहिणी दाखवली. त्यांचे माहेर भुदरगड तालुक्यातील शेतकरी कुटुंबाचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी लागली की भाताचा धूळवाफ पेरा, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत होणारी पेरणी, सुरू होतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते, परंतु तो तारा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पेरणीच्या त्या दिवसांत सूर्यच रोहिणीत असल्याने ती दिसूच शकत नाही, असे पतींनी समजावले तेव्हा त्या बराच वेळ वर पाहत राहिल्या. ६५ वर्षांची गोष्ट मी त्यानंतर सांगितली. खाली आल्यावर त्यांनी स्वतःच नणंदेला फोन लावला आणि बाळाच्या कानात 'रोहिणी' असे सांगायचे आहे, असे कळवले.

समारंभ संध्याकाळचा ठेवला आहे. महिनाअखेरीस रोहिणी रात्री साडेआठच्या सुमारास माथ्यावर येते, असा पतींचा हिशेब आहे, त्यामुळे जेवणे थोडी उशिरा ठेवून पाहुण्यांना आधी गच्चीवर नेणार आहोत. जन्मदाखल्याच्या अर्जावर 'हि' ऱ्हस्व आणि 'णी' दीर्घ हे मी स्वतः लिहीन.