अनुभव धागा: भूल देणारे, म्हणजे टेबलाच्या डोक्याकडची माणसं

इंदूरची भूलवाली

परवा सासूबाईंच्या भिशीत एका काकूंनी विचारलं, "तू डॉक्टर ना गं, मग ऑपरेशनं कसली करतेस?" म्हटलं, ऑपरेशन नाही करत, भूल देते. तर म्हणे, "अच्छा, म्हणजे इंजेक्शन द्यायचं आणि निघून जायचं." १९ वर्षं झाली मला या कामात, टोमण्यांची सवय आहे, पण ते "निघून जायचं" डोक्यातून जाईना. अहो, निघून जायला मिळत नाही हेच तर आमचं काम आहे! सर्जन मध्येच ग्लोव्ह्ज काढून फोन घेईल, सिस्टर बदलतील, आम्ही मात्र त्या स्टुलावर मॉनिटरकडे बघत बसलेले, चहा आला तरी कोणाला तरी उभं करून मगच उठायचं.

म्हणून हा धागा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, जिकडे जिकडे आपली मराठी मंडळी ऑपरेशन थिएटरात (ओटीत) काम करतात, भूलतज्ज्ञ, टेक्निशियन, सिस्टर, किंवा ज्यांनी भूल घेतलीय तेसुद्धा, लिहा. हॉस्पिटलचं आणि पेशंटचं नाव नको, एवढीच अट.

सुरुवात मीच करते. पित्ताशयाचे खडे असलेल्या एक आजी, दुर्बिणीतून ऑपरेशन, आदल्या संध्याकाळी मी तपासायला गेले तेव्हा सिस्टरनं त्यांना समजावलं, "अम्मा, कल सुबह खाली पेट, उपवास समझ लो." आजी मराठी, रामबागेतल्या, मान डोलावली. सकाळी साडेसातला विचारलं, काही खाल्लं नाही ना? "छे हो, कडक उपवास." ठीक. मग कवळी काढून डबीत ठेवायला सांगितली, तर कवळीच्या आतल्या बाजूला साबुदाण्याचा एक दाणा चिकटलेला, काचेसारखा. मी तो दाणा बघतेय आणि आजी माझ्याकडे बघतायत. "अगं उपवासाचंच खाल्लं की! सुनेनं सहाला करून दिली खिचडी, तूप-दाण्याचं कूट घालून."

केस दुसऱ्या दिवशीवर ढकलली. मुलगा चिडला, सर्जनचं तोंड एवढुस्सं, लिस्ट सगळी हलली. पण भूल दिल्यावर माणसाचा ठसका मरतो, पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातं, आणि तिथे जठरातलं आम्ल काय करतं ते मी एकदा आयसीयूत बघितलंय, पुन्हा बघायचं नाही. पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं ६ तास, तुपातेलाचं ८. आता मी "उपाशी आहात ना" असं विचारतच नाही, "शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता" असं विचारते, आणि वर पोह्यांचं वेगळं विचारते, कारण इंदुरी माणसाच्या हिशोबात सकाळचे पोहे-जिलबी हे खाणं नसतंच, ती नुसती दिवसाची सुरुवात असते.

रामबागचा टेक्निशियन

मॅडम एकदम बरोबर, आमच्याकडे एक भिया तर कचोरीला "बस टेस्ट किया था" म्हणाले होते 😄

मी भुलीचा टेक्निशियन, डॉक्टरांच्या आधी पाऊण तास पोचायचं, मशीन चेक करायचं, सर्किटला लीक आहे का, सक्शन ओढतंय का, सोडालाइमचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या खड्यांचा) रंग बदललाय का, लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे घशात बघायच्या अवजाराचा, दिवा लागतो का (नेमका इमर्जन्सीलाच मिचमिचतो), श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबा एक साइज मोठी एक छोटी काढून ठेवायच्या. पेशंटला वाटतं मी वॉर्डबॉय आहे, असू दे.

माझी चूक सांगतो, लपवायचं काय. सुरुवातीची नोकरी, छोटं हॉस्पिटल, तिथे भिंतीतून गॅसची लाइन नव्हती, सगळं सिलिंडरवर. रात्री दीडला अपेंडिक्स. चालू सिलिंडरचा काटा बघितला होता, भरलेला होता, रिझर्व्हचा पण बघितला, पण सिलिंडर उघडायची चावी जागेवर आहे का ते नाही बघितलं. मधेच ऑक्सिजनचा अलार्म शिटीसारखा वाजायला लागला, काटा खाली, रिझर्व्ह उघडायला गेलो तर चावी नाही! वॉर्डातला सिलिंडर खोलायला कोणीतरी घेऊन गेलेलं. सरांनी एक शब्द न बोलता मशीन सोडून अँबू बॅग लावली आणि हातानं श्वास द्यायला लागले, तिला सिलिंडर लागत नाही, खोलीतली हवा चालते, आणि मी जिन्यावरून पळून राहिलो होतो अनवाणी, चपला ओटीच्या बाहेर. चार मिनिटं लागली असतील. पेशंटला काही झालं नाही, सॅचुरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९४ टक्क्यांच्या खाली गेलं नाही, पण माझे पाय सकाळपर्यंत थरथरत होते. सर चहा पिताना एवढंच म्हणाले, "चावी सुतळीनं बांध." तेव्हापासून जिथे जिथे काम केलं तिथे मशीनला चावी सुतळीनं बांधलेली, गाठ मी स्वतः मारतो, दुसऱ्याची गाठ चालत नाही मला.

बाकी लोक विचारतात गॅस बदलून लागला तर? नाही लागत. ऑक्सिजन काळा आणि खांद्याला पांढरा, नायट्रस निळा, आणि रंगाला धोका झाला तरी मशीनच्या पिना बसायची सिलिंडरवरची भोकं वेगळी, ऑक्सिजनची २-५ नंबरच्या जागी आणि नायट्रसची ३-५, छोटा सिलिंडर चुकीच्या जागी बसतच नाही.

सुदामानगरची सून

मी पेशंटच्या बाजूनं. सिझेरियन, पाठीतली भूल. मला सुईची भीती नव्हती, "कायमची कंबर दुखेल" ही भीती होती, आमच्याकडे सगळ्या काकवांची कंबर त्याच सुईनं दुखते म्हणे, ज्यांची डिलिव्हरी नॉर्मल झाली त्यांची पण 🙄 बसवून, हनुवटी छातीला लावून, मांजरासारखी पाठ काढायला सांगितली. मग पाय गरम झाले आणि माझे राहिलेच नाहीत. थोड्या वेळानं एकदम मळमळलं, मी बोलायच्या आत डोक्याकडून आवाज आला, "मळमळतंय ना? प्रेशर उतरलंय, औषध दिलंय, अर्ध्या मिनिटात बरं वाटेल," आणि खरंच वाटलं. पडद्यापलीकडे काय चाललंय कळत नव्हतं, फक्त त्या डॉक्टरांचा हात कपाळावर होता. चेहरा मास्कमध्ये. आज छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत समोर आल्या तरी मी ओळखणार नाही, याचं आत्ता लिहिताना वाईट वाटलं.

इंदूरची भूलवाली

@सून, वाईट नको वाटून घेऊ गं. मळमळ हीच आमची पहिली घंटा, पाठीतल्या भुलीनं पायाकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर पडतं, मशीनच्या आधी पेशंटला कळतं. कंबरेचं म्हणशील तर नऊ महिन्यांचं वजन आणि नंतर वाकून वाकून बाळाला पाजणं, त्याचा दोष कोणी सुईला दिला की मी वाद घालत नाही आता. डोकेदुखी मात्र होऊ शकते काही जणींना, ते खरं आहे, म्हणून तर सुई इतकी बारीक वापरतात.

लष्करचे काका

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर म्हणजे तिथलाच भाग. गजराराजा मेडिकल कॉलेजमध्ये शिकलो, आता रिटायर होऊनही जमाना झाला. तुमच्याकडे मॉनिटर आहेत, मी १९७४ साली कामाला लागलो तेव्हा माझा मॉनिटर म्हणजे हे बोट. तारेची जाळी, तिच्यावर गॉजच्या घड्या, ती नाकातोंडावर ठेवायची आणि ईथर थेंब थेंब. एक हात जबड्याखाली, बोट नाडीवर, डोळा पेशंटच्या बाहुलीवर, कान श्वासावर. रक्त काळपट दिसतंय असं सर्जन म्हणाला की समजायचं ऑक्सिजन कमी पडतोय, आणि तोपर्यंत उशीरच झालेला असायचा. ईथर पेट घेतं, त्यामुळे ओटीत ठिणगी म्हणून नको. घरी गेलं की आमच्या सौभाग्यवती दारातच थांबवायच्या, अंघोळ केली तरी बोललं की वास यायचा, कारण तो वास कपड्यांत नव्हे, आमच्याच श्वासात असायचा. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये मॉर्टननं ज्या ईथरनं भूल देऊन दाखवली तेच हे, सव्वाशे वर्षांनी आमच्या नशिबी.

आणि हो, "मॅडम भूल देणार?" असं नातेवाईक तोंड वाकडं करून विचारतात ना, त्यांना सांगत जा, हैदराबादला रूपाबाई फर्दूनजी १८८९ च्या सुमारास क्लोरोफॉर्म देत होत्या, तेव्हा यांचे पणजोबा रांगत असतील.

बडोद्याचा फिरता

काका 🙏

मी फ्रीलान्स, म्हणजे माझं स्वतःचं हॉस्पिटल माझी बॅग. दांडिया बाजारातून निघायचं, सकाळी हर्निया एका ठिकाणी, दुपारी सिझर दुसरीकडे, रात्री कोणाचा तरी फ्रॅक्चर हात. सर्जनच्या नावाची पाटी असते, माझं नाव बिलातही कधी "एनेस्थेसिया चार्ज" एवढंच. परवा एका शेठनी विचारलं, पाच मिनिटांत बेभान करता, एवढे पैसे कशाचे? म्हटलं झोपवण्याचे काहीच नाहीत, ते फुकट, पैसे उठवण्याचे. लगेच दिले.

पण एक रात्र सांगतो. २०२४ चा ऑगस्ट, विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलेलं. माझ्या बिल्डिंगमागच्या नर्सिंग होममधून फोन, बाळाचे ठोके कमी होतायत, दुसरं कोणी पोचू शकत नाही. बॅग डोक्यावर घेऊन कंबरभर पाण्यातून गेलो, बायको गॅलरीतून ओरडतेय "मगर असेल हो!", आणि ती चेष्टा नव्हती, आमच्या नदीत खरंच आहेत. जनरेटर तळघरात, म्हणजे पाण्यात. मशीन बंद, मॉनिटर बॅटरीवर, किती चालेल देव जाणे. ठरवलं पाठीतूनच द्यायची, बाई स्वतः श्वास घेत राहील, मशीनची गरज कमी. एका सिस्टरनं मोबाइलचा टॉर्च धरला, दुसरी पायानं चालवायचं सक्शन घेऊन बसली. सुईच्या मागून मणक्यातल्या पाण्याचा थेंब आला की जागा बरोबर, तो पारदर्शक थेंब टॉर्चच्या उजेडात चमकला तेव्हा जे वाटलं ते मला लिहिता येणार नाही. पुढचा पाऊण तास दर दोन मिनिटांनी हातानं पट्टा फुगवून प्रेशर. मुलगी झाली, आल्या आल्या रडली. सकाळी पाणी कमी होईपर्यंत मी तिथेच स्टूलवर, ओल्या पँटमध्ये, सिस्टरनं खाकरे दिले.

सेकंड इयर रेसिडेंट

एवढं थरारक नाही माझ्याकडे. माझी पहिली ट्यूब. मी घातली, मला शंभर टक्के वाटलं श्वासनलिकेतच आहे, छाती पण हलल्यासारखी वाटली. मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या, कॅप्नोग्राफकडे, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या पडद्याकडे, बघत होत्या. तिथे श्वासागणिक चौकोनी डोंगर यायला हवेत, आकडा ३५ ते ४५, आणि आमची रेघ सपाट, सॅचुरेशन अजून १००! मी म्हणाले, "मॅडम, सॅचुरेशन तर—" त्या एवढंच म्हणाल्या, "काढ." अन्ननलिकेत होती. सॅचुरेशन पडायला वेळ लागतो, कार्बन डायऑक्साइडची रेघ लगेच सांगते. मास्कनं श्वास दिले, दुसऱ्यांदा त्यांनी घातली, डोंगर आले. त्या रात्री होस्टेलला मेसमध्ये बसून भाजीच्या रश्श्यात चमच्यानं डोंगर काढत होते.

आणि अजून एक, गंमत म्हणून. परवा एक आजोबा, भरतीपासून सगळं हिंदीत बोलून राहिलेले. प्रोपोफॉलची, म्हणजे भुलीच्या पांढऱ्या औषधाची, सिरिंज बघून म्हणाले, "ये दूध चढ़ा रही हो क्या बेटा?" आणि झोपले. दोन तासांनी ट्यूब काढली, हाक मारली, डोळे मिटलेलेच आणि स्वच्छ मराठीत, "दूध तापवलं का गं?" तेव्हा कळलं आपले आहेत.

लष्करचे काका

मग काय सांगितलंस?

सेकंड इयर रेसिडेंट

तापवलं म्हटलं. "साय काढून ठेव" म्हणाले आणि परत झोपले.