शब्दचर्चा : वाड्याचे ‘संवर्धन’ करायचे म्हणजे नेमके काय?

गोदाकाठ
जुन्या नाशकातील वाडामालक आणि भाडेकरू यांच्यासाठी तयार होत असलेले एक माहितीपत्रक मी मराठीत आणत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ नुसार शहराच्या विकास योजनेत ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या रचना आणि स्थळे, तसेच वारसा इमारती व वारसा परिसर राखण्याची तरतूद करता येते, आणि प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर कोणाही नागरिकाला तिच्यावर लेखी म्हणणे मांडता येते, एवढे त्यात सांगायचे आहे. मूळ मजकुरात प्रिझर्व्हेशन, कॉन्झर्व्हेशन आणि रिस्टोरेशन हे तीन शब्द तीन वेगळ्या अर्थांनी आले आहेत. मी अनुक्रमे जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार हे शब्द योजले. मसुदा सोमवार पेठेतील एका आजोबांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी अगदी मनापासून विचारले की, संवर्धन म्हणजे वाढवणे, तर मग या कायद्याखाली वाड्यावर आणखी दोन मजले चढवता येतील का? मला उत्तर देता आले, पण शब्दाचे समर्थन करता आले नाही. या ठिकाणी कोणता शब्द वापरावा?

शब्दशोधक
आजोबांचे म्हणणे बरोबर आहे. ‘सम्’ उपसर्ग आणि ‘वृध्’ धातू यांतून आलेल्या शब्दात वाढ हाच गाभा आहे. पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन, बालसंवर्धन हे सगळे प्रयोग वाढणाऱ्या, सजीव गोष्टींचे आहेत, आणि वाडा काही वाढत नाही. इमारतीसाठी ‘परिरक्षण’ हा निर्दोष शब्द उपलब्ध असताना तो टाळण्याचे कारण मला दिसत नाही. त्याच ओघात सुचवतो की ‘वारसा’ हा शब्दही बदलावा. तो अरबीतून आला आहे. आपल्याकडे ‘दाय’ हा जुना, अर्थपूर्ण शब्द आहे. ‘दायवास्तू’ असा समास सहज होतो. नवा शब्द पहिल्यांदा परका वाटतोच. याच जिल्ह्यातल्या भगूरच्या सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द पुढे आणले, आणि आज ते शब्द कोणी घडवले असतील हा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

तिवंधा
माझे घर वाड्यात आहे, म्हणून लिहितो. ‘परिरक्षण’ हा शब्द मी आजवर फळांच्या संदर्भात वाचला आहे, मुरंबे आणि सरबते टिकवण्याच्या प्रशिक्षणवर्गांच्या जाहिरातीत. ‘दाय’ म्हणाल तर आमच्याकडे त्यातून ‘दायाद’ आठवतो, आणि दायाद म्हणजे भाऊबंद, म्हणजेच वाटणीचा दावा. वाडे पडण्याची जी खरी कारणे आहेत, त्यांतले एक त्या शब्दातच बसलेले आहे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तीन पिढ्यांची नावे चढलेली असतात, त्यांतले निम्मे लोक गावात नसतात, आणि एका तुळईच्या दुरुस्तीसाठी सर्वांच्या सह्या गोळा होईपर्यंत पावसाळा येतो.

‘वारसा’ शब्दाचाही घोटाळा होतोच, परंतु तो अरबी असल्यामुळे नव्हे. आमच्या आळीत ‘वारसा यादी’ (राखायच्या जुन्या वास्तूंची यादी) म्हटल्यावर बहुतेकांना ‘वारस यादी’ ऐकू येते. एका काकूंनी तर आपल्या सासूबाईंचे नाव त्या यादीत लागले आहे का, अशी चौकशी केली होती. माहितीपत्रकात ‘वारसा यादी म्हणजे मालकांची यादी नव्हे’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घालावे, अशी माझी विनंती आहे.

कडीपाट
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो. माझ्या मते एकच शब्द शोधण्याचा आग्रह इथे अडचणीचा ठरतो, कारण नियमच तीन प्रकारची वागणूक सांगतात. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियम लागू झाले, तेव्हापासून राज्यात श्रेणीपद्धत रुळली आहे. पहिल्या श्रेणीतील वास्तूला अत्यावश्यक दुरुस्तीपलीकडे हात लावायचा नसतो, बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही. दुसऱ्या श्रेणीत बाह्यरूप राखून आतले बदल आणि नवा वापर यांना वाव असतो. तिसऱ्या श्रेणीत, परिसराच्या ठेवणीला बाध येणार नाही अशा बेताने, त्याहून अधिक मुभा मिळते, आणि काही वेळा त्याच आवारात भरीचे बांधकामही होऊ शकते. म्हणजे आजोबांचा प्रश्न तिसऱ्या श्रेणीपुरता अगदीच गैरलागू नाही. पहिल्या श्रेणीला ‘जतन’ शोभेल, पण तिसऱ्या श्रेणीतल्या मालकाला ‘जतन’ म्हटले, तर आपल्याला खिळासुद्धा ठोकता येणार नाही असे तो समजेल आणि यादीत नाव येऊ नये म्हणून धावाधाव करील. असे घडताना मी पाहिले आहे.

सर्वांना व्यापणारा शब्द हवाच असेल, तर ऑस्ट्रेलियातील १९७९ च्या बुर्रा सनदेत (ऐतिहासिक स्थळांच्या देखभालीच्या मार्गदर्शक तत्त्वांत) कॉन्झर्व्हेशनची जी व्याख्या आहे ती पाहावी. एखाद्या स्थळाचे सांस्कृतिक महत्त्व टिकून राहावे यासाठी त्याची जी जी काळजी घ्यावी लागते, ते सर्व त्यात येते. याला मराठीत ‘सांभाळ’ म्हणतात. मुलाचा सांभाळ करताना ते वाढते, आणि घराचा सांभाळ करताना ते टिकते. दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात.

शब्दशोधक
‘सांभाळ’ हा घरगुती शब्द आहे. अधिनियम, नियमावली, अधिसूचना यांत त्याचे रूप चालवून पाहावे. ‘सांभाळ समिती’ असे आपण लिहिणार आहात का?

कडीपाट
जरूर लिहीन. ‘देखभाल’ हाही घरगुतीच शब्द आहे, आणि तो शासकीय निविदांत रोज छापला जातो.

सराफ बाजार
या चर्चेत ‘जीर्णोद्धार’ बाजूला पडतो आहे, आणि माझ्या मते लोकांना खरोखर कळणारा शब्द तोच आहे. देवळाचा जीर्णोद्धार म्हटले की वर्गणी गोळा होते, संवर्धन म्हटले की होत नाही. शिवाय नव्याने बांधणे म्हणजे नेहमी नाशच, असे मानण्याचे कारण नाही. आजचे काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी १७८२ च्या सुमारास बांधले, ते जुन्या लाकडी देवळाच्या जागी. त्या वेळी वारसा समिती असती आणि तिने लाकडी देऊळ पहिल्या श्रेणीत घातले असते, तर आज ज्याला आपण वारसा म्हणतो, ज्याच्या दारात १९३० चा सत्याग्रह झाला, ते दगडी मंदिर उभेच राहिले नसते.

शब्दशोधक
उदाहरण वजनदार आहे, परंतु शब्दाचा अर्थ त्याहून काटेकोर आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धारविधीचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात जीर्ण मूर्तीच्या जागी नवी बसवताना ती जुनीच्याच मापाची आणि जुनीच्याच द्रव्याची असावी, असे सांगितले आहे. माप आणि द्रव्य या दोन अटी मान्य केल्या, तर लाकडी खांबांचा सभामंडप पाडून त्या जागी सिमेंटचा स्लॅब टाकणे आणि भिंतींना चकचकीत फरशा लावणे याला जीर्णोद्धार म्हणताच येणार नाही. गावोगावच्या संगमरवरी पाट्यांनी हा शब्द भ्रष्ट केला आहे. शब्द सोडून देण्याऐवजी त्याचा मूळ अर्थ परत आणावा.

गोदाकाठ
द्रव्याची ही अट माझ्या लक्षात आली नव्हती, आभारी आहे. रिस्टोरेशनसाठी जीर्णोद्धार ठेवायचा आणि पहिल्याच वापराच्या वेळी ‘त्याच मापाने, त्याच सामग्रीने’ असे जोडायचे, असा विचार करते आहे. सुंदरनारायण मंदिराचे उदाहरण देता येईल. १७५६ च्या त्या मंदिराचे झिजलेले दगड उतरवून त्याच घडणीचे दगड बसवण्याचे काम पुरातत्त्व विभागाने हाती घेतले, ते लोकांनी येता-जाता पाहिलेले आहे. मात्र माझा मूळ प्रश्न ‘संवर्धन’ या शब्दाबद्दल होता.

त्रिरश्मी
शब्द कोणताही घ्या, त्यामागे पैशाची व्यवस्था नसेल तर वाडा पडणारच, आणि त्या व्यवस्थेसाठी नाशिककडे स्वतःचा शब्द आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ‘अक्षयनीवी’ दिली, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारी कायमची ठेव. त्यांपैकी २,००० गोवर्धनातील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण दराने ठेवले. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. हिशेब तंतोतंत जुळतो. पुढे हे सर्व निगमसभेत ऐकवले आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवले, असेही तो लेख सांगतो. गावाच्या सभेपुढे वाचून दाखवणे आणि नोंद करणे या दोन गोष्टी त्या काळी आवश्यक मानल्या गेल्या होत्या, हे विकास योजनेचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. वाड्यांच्या दुरुस्तीसाठी निधी उभारला गेलाच, तर त्याला ‘अक्षयनीवी’ हेच नाव द्यावे. जाता जाता एक सांगतो : तिथे ‘श्रेणी’ म्हणजे कारागिरांचा संघ, आणि कडीपाट यांच्या नियमावलीत ‘श्रेणी’ म्हणजे प्रत. वाडा जगवायला दोन्ही लागतात.

तिवंधा
नाव सुंदर आहे. फक्त तो निधी आमच्या आळीपर्यंत कसा पोचेल, हेही कोणी लिहावे. सध्या पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या वाड्यांना ‘धोकादायक’ म्हणून नोटिसा लागतात. एकच वाडा एका कागदावर वारसा आणि दुसऱ्या कागदावर धोकादायक असू शकतो, आणि दुसरा शब्द तातडीचा असल्यामुळे तोच जिंकतो. पूर्वी मृगाआधी कौले चाळली जात, मातीचे धाबे खोऱ्याने ओढून पुन्हा चोपले जाई. ‘डागडुजी’ हा त्या कामाचा शब्द. तो माणसांच्या तोंडून गेला आणि त्याची जागा थेट ‘पुनर्विकास’ या शब्दाने घेतली. या दोहोंच्या मध्ये काही असते, हे सांगणारा शब्द मला हवा आहे, मग तो संस्कृत असो की अरबी.

कडीपाट
तिवंधा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या कारागिरांपैकी कोणीही ‘संवर्धन’ म्हणत नाही. ते ‘कडी बदलायची’, ‘खण उतरवायचा’, ‘चुन्याचा गिलावा धरायचा’ असे म्हणतात. माहितीपत्रकात ही क्रियापदे आली, तर परवानगी कशाला लागते आणि कशाला नाही, हे मालकाला आपोआप कळेल.

त्रिरश्मी
‘वारसा वास्तू’ या जोडशब्दालाही माझी हरकत आहे. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि नाशिकचा इतिहास सातवाहनांच्याही मागे गेला. ती गढी वास्तू नाही, तो मातीचा ढिगारा आहे, आणि तिचे सगळे मोल पोटातल्या थरांत आहे. अधिनियमात ‘रचना किंवा स्थळे’ असे दोन्ही आहे. निव्वळ ‘वास्तू’ लिहिले की गढी आणि नदीतली कुंडे लोकांच्या नजरेतून निसटतात, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर कामे होत असताना हे निसटणे परवडणारे नाही.

सराफ बाजार
गढी म्हणजे ढिगारा हे मात्र पटत नाही. मराठीत गढी म्हणजे सरदाराचा किंवा पाटलाचा तटबंदीचा वाडा. नाशकात तिथे पूर्वी गढी असेल, ती पडली असेल आणि नाव उरले असेल.

त्रिरश्मी
खानदेशाकडे पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडालाही गढी म्हणताना मी ऐकले आहे. तटबंदी होती, हा आपला तर्क आहे.

गोदाकाठ
गढीसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही नम्र विनंती. ‘संवर्धन’ काढून ‘सांभाळ’ लिहिलेला मसुदा मी आजोबांना पुन्हा दाखवला, आणि तो त्यांना पटला. परंतु मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंनी तोच शब्द खोडला. नियमावलीत जो शब्द आहे तोच अर्जात असला पाहिजे, नाहीतर अर्ज कोणत्या तरतुदीखाली केला आहे हे स्पष्ट होणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. सध्या मी दोन्ही ठेवले आहेत : समजावून सांगताना ‘सांभाळ’, आणि अर्जाच्या नमुन्यात ‘संवर्धन’. आता नवी अडचण आली आहे. योजनेत एखादा वाडा यादीत घातला आहे याला पाठिंबा द्यायचा असेल, तर तो ‘हरकती व सूचना’ या सदराखालीच द्यावा लागतो, आणि ‘हरकत’ हा शब्द पाहून आळीतल्या बायका सही करायला बिचकतात.

शब्दशोधक
‘हरकत’ही अरबीच आहे. ‘आक्षेप’ लिहावे.

तिवंधा
‘आक्षेप’ लिहिलेत तर पुरुषही सही करणार नाहीत.