आजीची गुलाबदाणी काळी पडलीये, चिंचेनं घासू का?

प्रश्न: माझं माहेर सोलापूरचं. हळदीकुंकवाला आजी जिनं गुलाबपाणी शिंपडायची ती गुलाबदाणी आता माझ्याकडे आलीये. अंग काळं, त्यावर चांदीची वेल. उजळवायची कशी?

उत्तर: ताई, चिंच अजिबात नको! ही बिदरी दिसते. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, कोरून चांदी ठोकतात, मग बीदरच्या किल्ल्यातली माती नि नवसागर लावून काळं करतात. तो रंग मळ नव्हे, तीच शोभा. मऊ कापड आणि थेंबभर खोबरेल, बास.

उत्तर: अशा लांब मानेच्या भांड्याला अरबीत 'कुमकुम' म्हणतात! सिरिया-इजिप्तमध्ये मामलुक सुलतानांच्या काळात पितळेवर चांदी जडवत. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच कामाचं, बैसरी नावाच्या अमीरासाठी (सरदारासाठी) घडवलेलं 13 व्या शतकातलं जाळीदार, गोल धूपपात्र आहे. आतली वाटी फिरत्या कड्यांत टांगलेली, त्यामुळे गोळा कलंडला तरी निखारे सांडत नाहीत. मला तर त्या कारागिरापुढे हात जोडावेसे वाटतात.

प्रश्नकर्ती: वाचलं बाई भांडं! तोंडाची भोकं बुजलीत, ती सुईनं हळूच मोकळी करते. संक्रांतीला आजीसारखंच शिंपडणार.