युद्धात राबलेल्या जनावरांचं स्मारक: घोडा की खेचर? आणि काळ्या मातीत पाया कसा?

शहादेकर: तापीजवळ ग्रामपंचायतीच्या बागेत हे स्मारक करायचं घाटतंय. सारंगखेड्याचा घोडेबाजार हाकेवर, म्हणून मंडळाला दोन पायांवर उभा घोडा हवाय. जमीन काळी, खोल. फायबर चालेल का? नेमकं कुठे चुकतं ते सांगा.

ओतारी: भाऊ, दोन पायांवरच्या घोड्याचा नाद सोडा. सगळा भार मागच्या दोन घोट्यांवर येतो, वाऱ्याचे हेलकावेही तिथेच, मग तडा जातो तोही तिथेच. ओझं लादलेलं खेचर चार पायांवर निवांत उभं राहतं. शिवाय खरं काम त्यानेच केलंय. डोंगरी तोफखान्याच्या सुट्या केलेल्या तोफा त्याच्याच पाठीवर चढायच्या. डिसेंबर १९३९ मध्ये भारतीय खेचर कंपन्या फ्रान्सला उतरल्या. १९४० मध्ये माघार घेताना फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून माणसं निघाली, खेचरं तिथेच सोडावी लागली. लंडनला हाइड पार्कलगत २००४ चं स्मारक आहे, त्यातही लादलेली दोन खेचरं आहेत.

आता धातूचं. ब्राँझ घ्या: तांबं ८५ टक्के, कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. जाडी ५-६ मिमी. आतला सांगाडा स्टेनलेसचाच. पैसे वाचवायला साधी सळई घातली की ब्राँझला चिकटून ती लवकर गंजते, फुगते आणि पाय आतून फाटतो. पोटाखाली आणि खुरांशी ८-१० मिमीची भोकं ठेवा, नाहीतर आत पाणी साचतं. फायबर नको, आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हात वरचा थर पांढुरका पडून भुकटी सुटते.

काळी_माती: पुतळ्याआधी खड्डा बघा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चौथरा एका बाजूने उचलला जातो आणि पहिले दगडी फरशीचे सांधे उघडतात. मुरूम दीड-दोन मीटरवर लागला तर सगळी काळी माती काढून पाया त्यावरच टाका. त्याहून खोल असेल तर खाली फुगा असलेले पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब), साधारण साडेतीन मीटर. नेमकी खोली माती तपासून इंजिनिअर ठरवेल. काढलेली मातीच परत भरू नका, ही चूक सर्रास होते. भोवती दीड मीटर रुंद उताराची फरसबंदी करा. झाडांचं ठिबक चौथऱ्यापासून लांब. आणि पाटबंधारे खात्याकडून पूररेषा आधी घ्या.

तंग_लगाम: शिल्पकाराला शर्यतीच्या घोड्याचे फोटो देऊ नका. खेचराचे कान लांब, खूर अरुंद आणि उभट. ओझ्याच्या खोगिराला रिकीब नसते, पण छातीचा पट्टा आणि दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) हवीच, नाहीतर चढणीवर ओझं मागे आणि उतारावर मानेवर सरकेल. दोन्ही बाजूंचं वजन सारखं दिसू द्या. पाय उचललेला म्हणजे स्वार लढाईत पडला, हे थोतांड आहे; त्यावर वाद घालत बसू नका.

कोरायला नावच हवं तर पेडोंगी घ्या. १९७१ च्या युद्धात ही खेचर शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवरच्या सामानासकट परत आली. अक्षरं घट्ट काळ्या पाषाणात ४-५ मिमी खोल. इकडच्या दगडात बारीक भोकं असतात, त्यातला घेतलात तर काना-मात्रा तुटतात.

ओतारी: जागा बागेतच राहू द्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये रस्ते-फुटपाथवर नवे पुतळे बसवायला मनाई केली आहे. तरी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, तेही मातीचं मॉडेल असतानाच. ओतल्यावर कान लांब करता येत नाहीत.