एमआरआय नॉर्मल, तरी फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन??

पावसाळी_बेडूक: भावाला (वय २४) ९ वर्षं फिट्स येतायत, तीन औषधं बदलून झाली तरी महिन्यातून दोनतीनदा येतेच. पहिला एमआरआय नॉर्मल होता, आता नवीन डॉक्टर म्हणतात परत काढा, व्हिडिओ ईईजी (मेंदूच्या लहरी आणि पेशंटचा व्हिडिओ एकत्र टिपतात ती तपासणी) करा मग ऑपरेशनचं बघू. कवटी उघडणार ऐकूनच आई रडायला लागली. कोणी केलंय का?

चहा_कमी_साखर: माझं झालंय, उजवा टेम्पोरल लोब (कानाजवळचा मेंदूचा भाग). माझाही पहिला नॉर्मलच होता हो, नंतर ३ टेस्लावर (जास्त ताकदीचं एमआरआय मशीन) एपिलेप्सी प्रोटोकॉलने, म्हणजे फिट्ससाठीच्या खास पद्धतीने, बारीक कापांचे फोटो घेतले तेव्हा हिप्पोकॅम्पस (नवीन आठवणी तयार करणारा मेंदूचा भाग) सुकलेला दिसला. व्हिडिओ ईईजीला डोक्यावर वायरी लावून, गोळ्या कमी करून फिटची वाट बघत पडायचं, आणि आली नाही तर आपल्यालाच वाईट वाटतं 😄

तिरकस_काका: १९५३ ला अमेरिकेत एच. एम. या पेशंटचे दोन्हीकडचे हिप्पोकॅम्पस काढले, फिट्स कमी झाल्या पण नवीन काही लक्षातच राहीना. घाबरवत नाहीये, म्हणूनच आता एकाच बाजूचं काढतात आणि आधी स्मरणशक्ती, भाषा तपासतात. कॅनडात ८० जणांवर चाचणी झाली (२००१ ला छापून आली), वर्षाने ऑपरेशनवाले ५८ टक्के शुद्ध हरपणाऱ्या फिट्समधून मोकळे, नुसत्या औषधांवर ८ टक्के.

पावसाळी_बेडूक: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, फोटो तर नीट काढू दे आधी.