फायनल फँटसी टॅक्टिक्स: खोली की लपवाछपवी?

रात्रपाळी
परवा इथेच एकाने लिहिलं की १९९७ च्या फायनल फँटसी टॅक्टिक्स या पाळीपाळीने लढण्याच्या व्हिडिओ गेमचा गवगवा जुन्या आठवणींवर टिकलाय, आणि त्याची 'खोली' म्हणजे खेळाडूपासून लपवलेलं गणित. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सीटीच घ्या, म्हणजे पाळी कधी येणार ते ठरवणारा आकडा. खेळाच्या घड्याळाच्या दर टिकला पात्राचा स्पीड त्याच्या सीटीत जमा होतो, १०० झाले की पाळी. चाललात आणि हल्लाही केलात तर १०० वजा, दोन्हींपैकी एकच केलं तर ८०, नुसते थांबलात तर ६०. म्हणजे गप्प उभं राहणं हीसुद्धा चाल आहे, पुढची पाळी लवकर येते. चार लढाया खेळल्या की हे अंगवळणी पडतं. फेथचंही, म्हणजे पात्राच्या श्रद्धेच्या आकड्याचंही, तसंच. मंत्र टाकणाऱ्याचा आणि झेलणाऱ्याचा फेथ एकमेकांशी गुणला जातो. दोघांचा ७० असेल तर मंत्राचा जोर ४९ टक्के. ज्याचा फेथ ४०, त्याला आग कमी भाजते, पण त्याच्यावर केअर हा जखम भरणारा मंत्रही कमी चालतो. धर्मपीठाच्या खोटेपणावर बेतलेल्या कथेत श्रद्धेलाच दुधारी आकडा बनवणं ही दिग्दर्शक मात्सुनोंची खरी कमाल आहे. याला लपवाछपवी म्हणणाऱ्याने खेळ किती लक्ष देऊन खेळला, हा प्रश्न पडतो.

सरळसोट
ते लिहिणारा मीच, आणि खेळ पूर्ण केलाय. 'अंगवळणी पडतं' हे तुम्ही सगळं पाठ झाल्यावर म्हणताय. राशींचं काय? सुरुवातीला नायक रामझाची जन्मतारीख विचारतात, कशासाठी ते सांगत नाहीत. पुढे प्रत्येक फटक्यात रास मोजली जाते. जुळली तर पाव पट जास्त, नाही जुळली तर पाव पट कमी, समोरासमोरच्या राशी आल्या की दीडपट नाहीतर निम्मं. लढाईआधी पत्रिका बघायची वेळ खेळाडूवर का यावी?

कोपऱ्यातला
राशी राहू द्या हो. रियोव्हानेसच्या किल्ल्याबद्दल कुणी बोलणार आहे का? लागोपाठ तीन लढाया, मध्ये सेव्ह करता येतं, पण नकाशावर परत जाता येत नाही. दुसऱ्या लढाईत रामझा एकटा आणि समोर वीग्राफ हा तलवारबाज शत्रू. माझा रामझा ब्लॅक मेज, म्हणजे मंत्र टाकणारा होता. मंत्राचं चार्जिंग पुरं व्हायच्या आत वीग्राफची लायटनिंग स्टॅब, तिला चार्जिंग लागतच नाही. आणि माझं सेव्ह एकच, तेही किल्ल्याच्या आतलं. पहिल्यापासून सुरू करायचं त्राण उरलं नव्हतं. खेळ तिथेच सुटला.

रात्रपाळी
पण उपाय खेळातच होता! येल हे रामझाचं कौशल्य वापरलं की दर वेळी स्पीड एकने वाढतो. दूर पळत राहायचं, येल करत राहायचं, थोड्या वेळाने त्याच्या एका पाळीत आपल्या दोन होतात. सोबत ऑटो-पोशन, म्हणजे फटका बसला की आपोआप औषध, आणि पिशवीत फक्त एक्स-पोशन हे जोरदार औषध, नाहीतर हलकं पोशन आधी वापरलं जातं.

कोपऱ्यातला
येल शिकायला जेपी, म्हणजे लढून मिळणारे गुण लागतात. आत अडकल्यावर ते आणायचे कुठून? तुम्ही उपाय सांगत नाही आहात, मी कसा मूर्ख होतो ते सांगताय.

निळाझेंडा
@कोपऱ्यातला, अगदी. आणि वीग्राफनंतर गच्चीवरची तिसरी लढाई! राफा या मुलीला वाचवायचं, पण ती आपल्या ताब्यात नाही. स्वतःच पुढे धावते आणि कधीकधी आपली पहिली पाळी यायच्या आत मरते. गेम ओव्हर.

रात्रपाळी
तिथे सगळ्यांना मारायचं नसतं. शत्रू एल्मडोर किंवा त्याच्या दोन मारेकरणींपैकी एकीला अर्धमेलं केलं की लढाई संपते.

निळाझेंडा
संपते, पाळी मिळाली तर!

रात्रपाळी
बरं, गच्चीची लढाई वाईट रचलीय, एवढं मान्य. त्यावरून अख्ख्या खेळाला झोडपणं मान्य नाही. वीग्राफ तर नाहीच. तोवर सोबत्यांच्या आड लपणाऱ्या खेळाडूला तिथे रामझाकडे नीट बघावं लागतं.

तलवारबाज
माझं दुखणं वेगळंच आहे. एवढी मेहनत करून माणसं घडवायची, आणि चौथ्या अध्यायात ओर्लांडू हा नवा सोबती एक्सकॅलिबर तलवार घेऊन येतो. ती तलवार हातात असेपर्यंत हेस्ट, म्हणजे वाढीव वेग, कायम. तो एकटा मैदान साफ करतो. मग सीटी, फेथ, राशी, कशालाच अर्थ उरत नाही. माझी आवडती तिरंदाज शेवटपर्यंत बाकावर बसून राहिली, याचा राग अजून गेलेला नाही.

रात्रपाळी
त्याला घ्यायची सक्ती नाही. मी घेत नाही.

तलवारबाज
खेळाडूनेच स्वतःवर बंधन घालायचं, तर रचनाकाराने काय केलं?

सरळसोट
मुद्द्यावर येऊ. २०२५ च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे याच खेळाच्या सुधारित आवृत्तीत, पाळ्यांचा क्रम सतत डोळ्यांसमोर असतो, ऑटोसेव्ह आहे, अवघडपणाच्या तीन पातळ्या आहेत. सगळं आधीच ठीक होतं, तर हे का करावं लागलं?

रात्रपाळी
पाळ्यांची यादी मूळ खेळातही मेनूत होती. उघडून बघायचे कष्ट तेवढे होते. आणि नियम बदललेत कुठे? सीटी तीच, फेथ तोच, राशीही त्याच. काच पुसली, घर तेच आहे.

सरळसोट
काच मळकी होती, हेच तर मी परवा लिहिलं. खेळ वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. राशी मात्र आजही काढून टाकाव्यात या मताचा आहे.

निळाझेंडा
आणि २००७ च्या पीएसपी आवृत्तीतला डार्क नाइट हा पेशा आणि बाल्थियर हे पात्र रीमास्टरमधून गाळले, त्यावर कुणी लिहाल का?

रात्रपाळी
त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. @कोपऱ्यातला, मूर्ख म्हणायचं नव्हतं. पुन्हा खेळणार असाल तर किल्ल्यात शिरण्याआधी बाहेर एक वेगळं सेव्ह ठेवा आणि रामझाला येल शिकवून न्या.

कोपऱ्यातला
रीमास्टर घेतलाय. येल शिकवेन. पण राफा पुन्हा माझ्या पाळीआधी मेली, तर इथेच येऊन लिहीन, आणि तेव्हा 'उपाय होता' ऐकून घेणार नाही.