सुया घेऊन विमानप्रवास : तुमचा अनुभव सांगा

इंजेक्शनवर असलेला माणूस पहिल्यांदा विमानाने निघाला की घरात एकच घोर : सुया आत नेऊ देतील का? औषध सोबत असेल, डॉक्टरांचं पत्र असेल आणि आपण होऊन आधी सांगितलं, तर सहसा देतात. मला विचाराल तर खरी कटकट सिक्युरिटीच्या पलीकडे सुरू होते. औषध गार कसं ठेवायचं, घड्याळ बदललं की डोस कधी घ्यायचा, वापरलेली सुई कुठे टाकायची, यावर कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा. इन्सुलिन असो, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन असो की अ‍ॅलर्जीचं पेन (पेनसारख्या नळीतलं तयार इंजेक्शन), घडलं ते लिहा. डोस मात्र इथे कुणी कुणाला सांगू नका, त्याला डॉक्टर आहेत.

माझ्यापासून सुरू करते. इन्सुलिन मी चेक-इन बॅगेत कधीच टाकत नाही. बॅग हरवण्याची भीती आहेच, पण सामानाच्या कप्प्यात ते गोठूही शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी भरवशाचं राहत नाही, फेकूनच द्यावं लागतं. लागेल त्याच्या दुप्पट साठा घेते आणि त्यातला अर्धा नवऱ्याच्या हँडबॅगेत.

पेनवाला
पाऊच ट्रेमध्ये वेगळा ठेवला आणि "यात सुया आहेत" हे आधीच सांगून टाकलं. अधिकाऱ्याने एक सुई चिमटीत धरून उजेडात पाहिली, कागदी सील शाबूत आहे ना ते. मग पहिला प्रश्न : "औषध कुठाय?" पत्र त्याने नुसतं चाळलं. खोक्यावरचं लेबल मात्र नीट वाचलं आणि नाव पासपोर्टशी ताडून पाहिलं. तेव्हापासून खोकं फेकत नाही. पत्रातही ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घेतो, कारण ब्रँड देशागणिक बदलतात.

पंपवाल्या मुलीची आई
लेकीच्या अंगावर इन्सुलिनचा पंप असतो, नळीतून थोडं थोडं इन्सुलिन सोडणारं छोटं यंत्र. त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की पंप एक्स-रेच्या पट्ट्यावर टाकू नका आणि बॉडी स्कॅनरमधूनही नेऊ नका. (प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आपली पुस्तिका वाचा.) म्हणून आम्ही हाताने तपासा म्हणतो. लेकीला पंपाला हात लावायला सांगतात, मग तिच्या बोटांवरून कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात तपासतात. तिला आता त्याची गंमत वाटते.

मला जास्त धास्ती उड्डाणाची. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो. विमान वर चढताना दाब उतरतो, इन्सुलिनमध्ये विरघळलेली हवा बाहेर येते आणि नळीत बुडबुडे दिसू लागतात. ते बुडबुडे थोडं इन्सुलिन पुढे ढकलतात. मोठ्या माणसाला ते कदाचित जाणवणारही नाही, पण लहान मुलाचा डोसच मुळात थेंबभर. आमच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उड्डाणाच्या वेळी पंप सोडवतो, विमान वर स्थिरावलं की नळी उजेडात धरून बुडबुडे काढतो आणि मग परत जोडतो. शेजारचे प्रवासी बघत बसतात. बसू देत.

पेनवाला
ताई, हे पेनलाही लागू आहे बरं. सुई लावून ठेवलेलं पेन वर गेलं की गळतं किंवा आत हवा घेतं. टोचायच्या वेळीच सुई लावायची, काम झालं की काढायची.

जेवणाआधीचा डोस
जेवणाची गाडी तीन रांगा पुढे दिसत होती. बाजूच्या काकांनी मला विचारलं, "घेताय ना इंजेक्शन?" म्हटलं, थाळी समोर येऊ दे, इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं तर साखर फार उतरते. तेवढ्यात विमान हादरायला लागलं, पट्टे बांधा झालं आणि गाडी परत मागे गेली ती बऱ्याच वेळाने आली. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, पण त्यांची वेळ आली नाही.

आयव्हीएफ चालू असताना
माझी आयव्हीएफची (मूल होण्यासाठीच्या उपचारांची) इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची होती. औषध गार ठेवणारा जेलपॅक निम्मा वितळलेला, अधिकाऱ्याने दाबून पाहिला. हँडबॅगेतल्या द्रवाचा १०० मिलिलिटरचा नियम औषधाला सहसा लावत नाहीत, पत्र दाखवल्यावर पॅकही सोडला. क्रूने फ्रिजमध्ये ठेवायला नकार दिला, बर्फ मात्र दिला. बर्फ औषधाला थेट टेकू द्यायचा नाही, मध्ये टॉवेलची घडी घातली.

रक्त पातळ ठेवणारं
माझी सिरिंज भरलेलीच येते. आतला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, हे पाहणाऱ्याला पटत नाही! वापरलेल्या सुईसाठी क्रूकडे डबा मागितला, एका विमानात मिळाला, दुसऱ्यात नव्हता. आता घट्ट झाकणाची जाड प्लॅस्टिकची डबी नेतो. सीटच्या खिशात किंवा कचऱ्याच्या पिशवीत सुई कोंबणाऱ्यांचा मला राग येतो. सफाई करणाऱ्याच्या हाताला टोचते ती.

लांब पल्ला
पूर्वेकडे गेलं की दिवस आखूड होतो, पश्चिमेकडे लांबतो. डॉक्टरांनी निघायच्या गावच्या वेळेनुसारच डोसचा तक्ता करून दिला, म्हणून पोहोचेपर्यंत घड्याळाला हात लावला नाही.

लाल टोपी, केशरी टोपी
माझं इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटचं, सिरिंजा लाल टोपीच्या. त्या होत्या हरवलेल्या बॅगेत. मुक्कामी फक्त १०० युनिटवाल्या केशरी टोपीच्या मिळाल्या. त्यांच्या रेघांवर ४० चं इन्सुलिन मोजलं तर डोस अडीचपट कमी पडतो. उलट केलं तर अडीचपट जास्त, आणि ते तर जिवावर बेतायचं. तिथल्या डॉक्टरांनी १०० ची बाटली आणि त्याच मापाची सिरिंज लिहून दिली. आता सिरिंज बाटलीला रबरबँडने बांधूनच नेतो.

अ‍ॅलर्जीचं पेन
अ‍ॅड्रिनलिनची दोन पेनं, कायम पायाशी ठेवलेल्या बॅगेत. डोक्यावरच्या कप्प्यात नाही. आणि बर्फात तर मुळीच नाही, याला गारवा चालत नाही.

नवीन
एक्स-रेने इन्सुलिन खराब होतं का हो?

पंपवाल्या मुलीची आई
नाही. बाटल्या आणि पेन खुशाल पट्ट्यावर टाका. जपायचं ते पंप आणि साखर मोजणारा सेन्सर.